चार कागद, एक शिक्का

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. पाचवीत असताना एका मैत्रिणीने वर्गातल्या नकाशावर शाई सांडली आणि माझं नाव सांगितलं. तिच्याशी मी दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत बोलले नाही. आई म्हणायची, "सोडून दे गं, एवढं काय त्यात?" मला ते "सोडून देणं" कधी जमलंच नाही. माणसं सोडून देतात म्हणजे नेमकं काय करतात, हे मला अजून कळलेलं नाही.

योकोहामामधल्या एका जपानी ट्रेडिंग कंपनीत मी करारांचं काम बघते. कंपनी चीनमधल्या कारखान्यांकडून यंत्रांचे भाग घेते आणि भारतातल्या कारखान्यांना पुरवते. म्हणजे विकणारा चिनी, मधला जपानी आणि गिऱ्हाईक आपलं. तीन देशांचे कायदे एका कागदावर भांडणार नाहीत एवढं बघायचं, हे माझं काम. आमच्या कोपऱ्याला ऑफिसात इंडिया डेस्क म्हणतात आणि त्या डेस्कवर मराठी माणसं दोनच, मी मुंबईची आणि माझे साहेब पुण्याचे. ते माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, जपानमध्येही माझ्या आधी आलेले. मी त्यांना सर म्हणते. त्यांच्या वर आमच्या विभागाचे जपानी प्रमुख, त्यांना सगळे बुचो म्हणतात. बुचो म्हणजे विभागप्रमुखच.

मी रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात सरांनी मला शिक्का मारायला शिकवलं. इथे प्रत्येकाचा आपल्या नावाचा छोटा गोल शिक्का असतो, त्याला हांको म्हणतात. माझं आडनाव कटाकाना लिपीत चार अक्षरांचं होतं, ती चारही एका ओळीत बसवून मी एका दुकानातून करून घेतला होता. कुठलाही निर्णय असला की एक मंजुरीचा कागद फिरतो, त्यावर प्रत्येकाचा चौकोन, आणि त्या चौकोनात ज्याचा त्याचा शिक्का. मी माझा मारला तर सर म्हणाले, "सरळ नको मारूस. माझ्या चौकोनाकडे जरासा झुकलेला मार. खालच्याने वरच्याला वाकून नमस्कार केल्यासारखा दिसला पाहिजे. इथली जुनी पद्धत आहे."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. त्यांचा स्वतःचा शिक्का बुचोंच्या चौकोनाकडे चांगला झुकलेला होता. मग मीही तसा मारू लागले, आणि पुढची चार वर्षं माझं आडनाव इमानेइतबारे त्यांच्यापुढे वाकत राहिलं.

मग तो व्हॉल्व्हचा करार आला.

चिनी कंपनीबरोबरच्या करारात सहीपेक्षा त्यांच्या कंपनीचा लाल गोल शिक्का महत्त्वाचा असतो. तो असला की कंपनी बांधील झाली, नसला की सही करणारा माणूस कोण कुठला असंही ते म्हणू शकतात. त्या कराराची पाच पानं होती आणि शिक्का फक्त शेवटच्या पानावर. कॉफीच्या यंत्रापाशी उभ्या उभ्या मी सरांना म्हटलं, "सर, मधल्या पानांवर पण त्यांचा शिक्का घेऊया का? उद्या एखादं पान बदललं तर आपल्या हातात काय आहे?"

"अगं, असं मागितलं तर त्यांना वाटेल आपला ट्रस्ट नाही. चायनाशी सगळा बिझनेस रिलेशनशिपवर चालतो. तुला कायदा कळतो, माणसं कळत नाहीत."

हे त्यांनी हसत हसत म्हटलं आणि माझ्यासाठीही कॉफीचं बटण दाबलं. त्या कॉफीची चव मला अजून आठवते.

व्हॉल्व्ह गुजरातमधल्या एका रासायनिक कारखान्यात बसले आणि दोन महिन्यांत गळायला लागले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. आमच्या प्रतीत तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की माल भारतात उतरल्यावर दोष सापडला तर जबाबदारी कारखान्याची, आणि वाद झाला तर तो सिंगापूरच्या लवादापुढे जाईल. त्यांनी त्यांची प्रत काढली. तिच्या तिसऱ्या पानावर, माल चिनी बंदरात जहाजावर चढताना झालेली तपासणी अंतिम, आणि वाद त्यांच्याच शहरातल्या कोर्टात. शेवटचं पान दोन्हींकडे तेच, लाल शिक्काही तोच. शांघायच्या वकिलाने फोनवर एकच प्रश्न विचारला, "पानांच्या कडेवरून शिक्का मारलेला आहे का?" नव्हता. तो म्हणाला, मग कठीण आहे.

त्यानंतरची मीटिंग. बुचोंनी विचारलं, "पानं कुणी तपासली होती?" सरांनी एक क्षणही घेतला नाही. उघडा तळहात अदबीने माझ्याकडे करून ते जपानीत म्हणाले, "करार यांच्याकडे असतात." मी वाट बघितली. मला वाटलं, आता पुढे म्हणतील, 'यांनी सुचवलं होतं, मीच नको म्हटलं.' त्यांनी तळहात तेवढा खाली घेतला. माझं जपानी त्यांच्यापेक्षा चांगलं आहे, मला बोलता आलं असतं. पण वरिष्ठाला त्याच्या वरिष्ठासमोर खोटं पाडायचं म्हणजे हातात कागद लागतो, आणि माझ्याकडे काय होतं? कॉफीच्या यंत्रापाशी झालेलं बोलणं. मी मान खाली घातली.

इथे चूक झाली की शिमात्सुशो लिहून द्यावं लागतं. म्हणजे माफीपत्र, पण साधं नाही. स्वतःच्या हाताने लिहायचं, चूक काय, ती का झाली, पुन्हा होणार नाही, आणि खाली आपला शिक्का. ते लिहायला सर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "आपल्या माणसाला मदत नको करायला?" असं म्हणाले. ते मराठीत सांगत होते आणि मी जपानीत लिहीत होते.

"'निष्काळजीपणा' घाल. आणि 'अक्षम्य' पण घाल."

"अक्षम्य जरा जास्त होत नाही का, सर?"

"त्यांना आवडतं असं. दोन ओळींत विषय संपतो."

विषय संपला नाही. ते पत्र फाइलला लागलं, आणि इथे एकदा फाइलला लागलेला कागद बाहेर येत नाही. आमच्या नेमणुकांचं नूतनीकरण टोकियोचं मुख्य ऑफिस करतं. तिथे माणसं माणसांना ओळखत नाहीत, कागद बघतात. सरांना आणि बाकी सगळ्यांना तीन-तीन वर्षांची मुदत मिळायची, मला त्या पत्रानंतर एक-एक वर्षाची मिळू लागली. आम्ही टोकियोतल्या कोतो भागात राहतो ते मुलीच्या भारतीय शाळेसाठी. नवरा मुंबईतली नोकरी सोडून माझ्याबरोबर आलेला. मुलगी तेव्हा सहावीत होती. दर फेब्रुवारीत ती जेवताना विचारायची, "राइनेन मो इरु?" आम्ही मराठीत बोललो तरी ती उत्तरं जपानीतच देते. पुढच्या वर्षी पण आपण इथे असणार ना, एवढंच तिला हवं असायचं. आणि मला सांगता यायचं नाही. कुणाच्या तरी तळहातामुळे माझ्या मुलीला पुढच्या वर्षी कुठल्या वर्गात कुठल्या देशात बसणार हे कळत नव्हतं, आणि तो तळहात रोज माझ्यासमोर डबा उघडून "आज भाजी काय?" विचारत होता.

मला सूड हवा होता. न्याय वगैरे नाही. न्यायात त्यांचं भलं झालं असतं तरी चाललं असतं, मला ते चालणार नव्हतं. आपल्या हाताने, त्याच शब्दांत, त्यांनी तसंच पत्र लिहावं असं मला वाटायचं. ट्रेनमध्ये बसल्या बसल्या मी ते चित्र रंगवायची आणि योकोहामा कधी आलं ते कळायचं नाही.

सुरुवात मी शिक्क्यापासून केली. महिन्यागणिक तो किंचित किंचित सरळ मारत गेले. वर्षभराने माझं आडनाव खांबासारखं ताठ उभं राहायला लागलं. सरांच्या ते लक्षात आलं. "काय गं, तुझ्या शिक्क्याला मान दुखते का हल्ली?"

"हात दुखतो, सर."

दुसरं म्हणजे मी त्यांच्या सवयी बघायला लागले. अंगाशी येईल असं काही ते कधी मेलमध्ये लिहीत नसत, आणि जपानीत तर नाहीच. तसलं सगळं ते तोंडी बोलत. पण एक गोष्ट ते लिहीत. माझ्याकडून कागद गेला की त्याच्या समासात निळ्या पेनाने, मराठीत. "हे बुचोंना नको." "जाऊ दे." "आत्ता गप्प बस." चौदा मजल्यांच्या त्या इमारतीत मराठी वाचणारे आम्ही दोघंच, त्यामुळे मराठी म्हणजे त्यांना कुलूपबंद कपाट वाटायचं. त्या कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे, हे मात्र त्यांच्या कधी डोक्यात आलं नाही. मी आपल्यातली ना.

तिसरी गोष्ट मला शिकवली एका चिनी बाईने. निंगबोमधल्या एका कारखान्याची ती निर्यात विभागाची प्रमुख. छोट्या मोटरी बनवणारा कारखाना होता, आमच्याबरोबर नवीन. करार करायला ती स्वतः योकोहामाला आली. माझ्याच वयाची, केस कापलेले, पिशवीत चहाचा थर्मास, आमच्या ऑफिसातल्या चहाला हात लावला नाही. सह्या झाल्यावर तिने कराराची सगळी पानं माझ्या हातातून घेतली, पत्ते पिसल्यावर पसरतात तशी कडा मागेपुढे करून पसरली, आणि त्या कडांवरून एकदाच आपला मोठा लाल शिक्का दाबला. मग पानं एकेक करून मला दाखवली. प्रत्येक पानाच्या कडेला शिक्क्याची एकेक चीर. "एक पान काढलं किंवा बदललं," ती इंग्रजीत म्हणाली, "की गोल पूर्ण होत नाही. आमच्याकडे हे न मारता करार घेणारा माणूस एक तर फार सज्जन असतो, नाहीतर मूर्ख." मी तिला व्हॉल्व्हची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "तुमचा साहेब दोन्हींपैकी कोण?" मी म्हटलं, "तिसराच आहे."

तसा शिक्का जपान्यांनाही माहीत आहे, पण ते तो बाहेरच्या करारांवर मारतात. ऑफिसातल्या आतल्या कागदांवर कुणी मारत नाही. मी घरी रद्दी कागदांवर सराव केला. माझा हांको छोटा, त्यात चारच कागद मावायचे. मुलीला त्याची मजा वाटली, तिनेही दोन-चार मारून बघितले. नीट पसरले की चार कागदांच्या कडेला चार अक्षरं, एकेका कागदावर एकेक. त्यानंतर ज्या ज्या कागदाच्या समासात निळं मराठी असेल तो कागद, त्याच्या आधीचे दोन आणि नंतरचा एक, असे चार घेऊन मी कडेवरून शिक्का मारायला लागले. कुणी विचारलं नाही. जपानी ऑफिसात जास्तीचा शिक्का कुणाला खुपत नाही.

दीडेक वर्ष तसंच गेलं. मग एका सकाळी निंगबोहून त्या बाईचा फोन आला. मोटरींची दुसरी, मोठी ऑर्डर ठरत होती. ती म्हणाली, "या मोटरींच्या आत जी चुंबकं आहेत, त्यातल्या धातूंना आमच्याकडे निर्यात परवाना लागायचं घाटतंय. तुमचं भारतातलं गिऱ्हाईक या मोटरी कशाला वापरणार याचं पत्र आत्ताच मागवून ठेव. आणि परवाना उशिरा आला तर काय करायचं, ते करारात लिहा. आत्ता तयारी केली तर आपला माल अडकणार नाही."

मी तिचं म्हणणं कराराआधी फिरणाऱ्या तपासणीच्या कागदावर दोन ओळींत जपानीत लिहिलं, खाली माझा ताठ शिक्का मारला आणि कागद सरांकडे पाठवला. तासाभराने परत आला. समासात निळ्या पेनाने लिहिलं होतं, "नको. गिऱ्हाईक उगाच बिचकेल. वेळ नाही. काही झालं तर मी बघतो." चौकोनात त्यांचा शिक्का होता, बुचोंच्या दिशेने वाकलेला.

आता जे सांगते ते मला शोभणारं नाही, पण खरं आहे. बुचोंचं टेबल माझ्यापासून दहा पावलांवर होतं. मला उठून जाता आलं असतं. निदान सरांना पुन्हा एकदा विचारता आलं असतं, कॉफीच्या यंत्रापाशी नाही, मेलवर. मी तसं काही केलं नाही. मी चार कागद घेतले, कडा पसरल्या आणि शिक्का मारला. समासात मराठी असलेला कागद तिसरा होता, त्यावर माझ्या आडनावाचं तिसरं अक्षर आलं. फाइल कपाटात ठेवली, खाली कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, गेले आणि उभ्या उभ्या दोन ओनिगिरी, भाताचे गोळे, खाल्ल्या. कित्येक महिन्यांत मला तशी भूक लागली नव्हती.

परवान्याचा नियम आला. मोटरी निंगबोच्या बंदरावरच्या गोदामात जाऊन बसल्या. परवान्याच्या अर्जाला गिऱ्हाइकाचं पत्र हवं, ते आता मागवलं तर भारतातून यायला वेळ, आणि आलं तोवर अर्जांची रांग लागलेली. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात नवीन यंत्रं मोटरींशिवाय उभी. निंगबोच्या बाईचा पुन्हा फोन आला. यावेळी नमस्कार-चमत्कार नव्हते. "मी तुला सांगितलं होतं. तू पुढे सांगितलं नाहीस का?"

"सांगितलं होतं."

"मग?"

 तिच्या कारखान्यातलं त्या मोटरींचं काम बंद पडलं होतं, माल पडून होता, आणि तिने तर माझं भलंच केलं होतं. या सगळ्या प्रकरणात मला टोचतं ते एवढंच. मी तिला म्हटलं, "माझ्या वरच्यांनी ऐकलं नाही." ती म्हणाली, "हं," आणि फोन ठेवला.

मीटिंग झाली ती त्याच खोलीत. बुचोंनी विचारलं, "परवान्याची कल्पना आपल्याला आधी कशी आली नाही?" आणि सरांचा तो तळहात उठला. अदबीने, उघडा, माझ्याकडे. "नियमांवर लक्ष यांचं असतं. माझ्यापर्यंत काही आलं नाही."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं मात्र झालं नाही. उलट अंगभर गार वाटलं. त्या तळहाताची मी तीन वर्षं वाट बघत होते. मी म्हटलं, "फाइल बघूया का?"

"बघा ना," सर म्हणाले. इतक्या शांतपणे म्हणाले की ते माझ्या आधी कपाटाशी जाऊन आलेत हे मला तिथेच कळलं.

फाइल आणली. तपासणीचा कागद त्यात नव्हता. सर खिडकीबाहेर बघत होते. मी उरलेले तीन कागद काढले, टेबलावर ठेवले, आणि निंगबोच्या बाईने केल्या तशा कडा पसरल्या. पहिलं अक्षर, दुसरं अक्षर, मग कोरी फट, मग चौथं. माझं आडनाव मधेच तुटलं होतं.

बुचोंनी चष्मा लावला. कागद स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा पसरले, पुन्हा जुळवले. मग आधीच्या महिन्यांतली तशीच आणखी एक चौकडी फाइलमधून शोधून काढली, तिच्यावर चारही अक्षरं नीट होती. या देशात चुकलेल्या माणसाला माफी मिळते, पण फाइलमधून कागद काढणाऱ्याला मिळत नाही. ते आवाज न चढवता सरांना म्हणाले, "तो कागद घेऊन या."

सर उठले आणि स्वतःच्या खणातून कागद घेऊन आले. तो त्यांनी फाडला का नव्हता, हे मला आजही कळलेलं नाही. कदाचित कागद फाडायचं यंत्र ऑफिसच्या मधोमध आहे म्हणून. बुचोंनी तो फटीत सरकवला, तिसरं अक्षर जागेवर बसलं. माझ्या दोन जपानी ओळी त्यांनी स्वतःच वाचल्या. मग समासावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला, लिहिणाऱ्याला नाही.

सर हळूच मराठीत म्हणाले, "अगं, जरा सांभाळून घे. आपलीच माणसं आहोत ना आपण."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना आठवलं की मी त्यांची माणूस आहे. मी भाषांतर केलं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. वाढवायची गरजच नव्हती. जपानीतली सगळ्यात आदराची रूपं वापरली, "नको"ला सुद्धा. "काही झालं तर मी बघतो" हे शेवटचं वाक्य मात्र सावकाश सांगितलं, आणि बुचोंना नीट ऐकू आलं असेल की नाही अशा शंकेने पुन्हा एकदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या टेबलाशी आले. खुर्ची ओढली नाही, उभेच राहिले. "शिमात्सुशो द्यायला सांगितलंय. जरा मदत करशील का? माझं लिहिण्याचं जपानी तुला माहीतच आहे."

मी खण उघडला. माझ्या पत्राची झेरॉक्स तीन वर्षं तिथे होती, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. "हे घ्या, सर. सगळं तुम्हीच सांगितलेलं आहे. कारण, नाव आणि तारीख तेवढी बदला, मी सांगते कुठे."

ते वाचत होते. वाचता वाचता कान लाल झाले. "'अक्षम्य' जरा जास्त होत नाही का?"

"त्यांना आवडतं असं, सर. दोन ओळींत विषय संपतो."

ते बसले आणि लिहू लागले. जपानीतला निष्काळजीपणा तीन चित्राक्षरांचा असतो आणि त्यात रेघा पुष्कळ. ते एकेक रेघ मोजून उतरवत होते. मी शेजारी उभी राहून बघत होते. "ही रेघ राहिली, सर." त्यांनी नवा कागद घेतला. "इथे टिंब हवं." पुन्हा नवा कागद. खाडाखोड चालत नाही, नियम आहे. तीन कागद वाया गेले आणि त्या तिन्ही कागदांचं सुख मी पुरेपूर घेतलं. पंचावन्न वर्षांचा माणूस जीभ दातांत धरून लिहीत होता. मला वाईट वाटलं का? मी स्वतःला तेव्हाही विचारलं होतं. नाही वाटलं. शेवटी त्यांनी शिक्का मारला, तो इतका झुकलेला की जवळजवळ आडवाच झाला होता.

त्या दुपारी बुचोंनी मला एकटीला बोलावलं. त्यांच्यापुढे दोन कागद होते, एक सरांचा आणि एक माझा जुना. मजकूर जवळपास सारखा आहे हे त्यांच्या नजरेतून सुटलं नसणार. ते म्हणाले, "व्हॉल्व्हच्या वेळीही असंच झालं होतं का?" मी म्हटलं, "हो."  मग माझा कागद माझ्याकडे सरकवला आणि खुर्चीतल्या खुर्चीत माझ्यापुढे मान झुकवली. "फाइलमधून कागद काढत नाहीत. पण हा मी माझ्या अधिकारात काढतो. घेऊन जा, फाडून टाका."

याच्यासाठी तर मी तीन वर्षं दात-ओठ खाल्ले होते. हा कागद गेला की नाव स्वच्छ, मुदत तीन वर्षांची, मुलीची दहावी सुखात. मी वाकून आभार मानले. उठणार तेवढ्यात ते मृदू आवाजात म्हणाले, "त्यांचंही वय झालंय. वर्षभराने त्यांच्याही कागदाचा असाच काहीतरी विचार करू."

ते भले माणूस आहेत. चांगुलपणानेच म्हणाले. आणि मला तिथे उभ्या उभ्या दिसलं की ज्या दयेने आज माझा कागद बाहेर येतोय, त्याच दयेने उद्या सरांचाही येईल. वर्षभराने कपाटात काहीच नसेल. जणू काही झालंच नव्हतं. पाचवीच्या वर्गातली ती शाई कुणाचीच नव्हती.

मी म्हटलं, "दोन्ही कागद द्या, मी बघते."

टेबलाशी येऊन मी दोन्ही पत्रं एकावर एक ठेवली. कडा पसरल्या. हांको काढला, शाईत टेकवला, आणि दोन्हींवरून सरळ दाबला. माझी दोन अक्षरं माझ्या पत्रावर, दोन त्यांच्या. आता यातलं एक काढलं की दुसरं ओरडणार. मग दोन्ही फाइलला लावली आणि कपाट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी बुचोंनी ती फाइल उघडली. त्या कडेकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली नाही. त्यांनी फाइल मिटली आणि जागेवर ठेवली.

फेब्रुवारीत मुदतीचं पत्र आलं. मी घरी आले तेव्हा मुलगी अभ्यासाला बसली होती. आता ती नववीत आहे. मान वर न करता तिने विचारलं, "राइनेन मो इरु?"

"हो," मी म्हटलं. "पण एकच वर्ष मिळालंय."

"माता इचिनेन?" ती म्हणाली. पुन्हा एकच वर्ष. तिने पेन खाली ठेवलं आणि मोजायला लागली, म्हणजे दहावीची परीक्षा कुठे पडेल. मी ताटं घेतली. सरांनाही या वेळी एकच वर्ष मिळालंय हे मी तिला सांगितलं नाही, तिला त्याचं काय? पण त्या दिवशी मी भात दोनदा वाढून घेतला.